आठ महिने फक्त जिताडा?

चिपळूणहून आलेलं पत्र थोडक्यात असं:

'काका, माझं वय २९, सरकारी नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी. चार वर्षं गरी (गळ) टाकून मासे गरवतोय. गोवळकोटपासून खाली दाभोळपर्यंत खाडीच्या काठाला, कधीमधी गुहागरच्या वाळूवर. शेंगटी, तांबोशी, मुडदुशा, जे लागेल ते घरी नेतो. जिताडे आजवर दोनच लागले, तेही दुसऱ्याच माशासाठी टाकलेल्या गरीला. माझा जोडीदार सांगतो, एक अख्खा हंगाम एकाच माशाला दे, बाकी सगळं सोड, तरच तो मासा तुला कळेल. मला ते पटतं आणि भीतीही वाटते. बायको विचारते, आठ महिने रिकामी पिशवी घेऊन घरी येणार का? नवीन रॉड-रील घ्यायचं तर तो खर्च वेगळा. आणि सुरुवात कधी करू? पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यात जिताडा हमखास लागतो असं ऐकतो. मग जूनपासूनच जाऊ का?'

तू मला काका म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहितो.

हंगाम दे, आणि जिताड्यालाच दे. फक्त जूनपासून नको. आणि 'बाकी सगळं सोड' हे जोडीदाराचं म्हणणं मला मान्य नाही. त्यात घराचं नुकसान आहे आणि तुझ्या शिकण्याचंही.

एका माशाला हंगाम द्यावा की नाही, हे आधी माशावर ठरतं. काठावरून गरवणाऱ्याला आपल्याकडे दोन तऱ्हेचे मासे भेटतात, राहणारे आणि येणारे. तांबोशी, हेकरू, जिताडा हे राहणारे. खडपातली एखादी कपार, जुन्या धक्क्याच्या खांबामागची सावली, तिवरांच्या मुळांखालचा खळगा, अशा त्यांच्या जागा असतात. आज लागला नाही तरी तो तिथंच कुठंतरी आहे. रावस, सुरमई, बांगडा हे येणारे. घोळका काठाला आला तर तासाभरात पिशवी जड होते, नाही आला तर पंधरा पंधरा दिवस वाळूवर उभं राहून फक्त खांदे दुखतात.

तिशीत असताना मी एक हंगाम रावसाला दिला होता. भाट्याच्या वाळूवर, दसऱ्यापासून होळीपर्यंत, सुट्टी मिळेल तेव्हा. मोजून तीन दिवस रावस लागला, तोही चांगला लागला. पण हंगाम संपला तेव्हा त्याच्याबद्दल मला सुरुवातीला होतं तेवढंच ठाऊक होतं. तो नव्हता त्या दिवशी तो का नाही, हे सांगणारं माझ्यासमोर काहीच नव्हतं, नुसतं पाणी होतं. पुढे काजळीच्या खाडीत जिताड्याला हंगाम दिला. रिकामं परतण्याचे दिवस रावसाच्या वेळेपेक्षा जास्तच आले, तरी प्रत्येक वेळी काहीतरी हाती लागलं. वहाळाच्या, म्हणजे खाडीत उतरणाऱ्या ओढ्याच्या, तोंडाशी बोय माशाची पिल्लं एकदम उसळली, ती कशाला घाबरली? पाणी फिरायच्या अर्धा तास आधी सगळं शांत झालं, ते का? असे प्रश्न घेऊन घरी यायचो आणि पुढच्या खेपेला त्याच जागी उभा राहून उत्तर शोधायचो. म्हणून माझं मत असं, की हंगाम द्यायचा तर राहणाऱ्या माशाला द्यावा. वाशिष्ठीच्या, म्हणजे तुझ्या चिपळूण-दाभोळच्या खाडीच्या, काठावर राहणाऱ्याला जिताड्याहून चांगली निवड नाही. रायगडात जिताडा, तळकोकणात चोणक, कुणी खजुरा म्हणतं, मासा एकच. गोड्या पाण्यात जगतो, खाऱ्यातही जगतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक त्याची पिल्लं तळ्यात सोडून वाढवतात ते याच गुणामुळे.

आता तुझ्या 'आठ महिन्यां'चा हिशेब मांडू, कारण तुझी भीती त्या आकड्याची आहे.

जिताडा पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. भरतीला पाणी तिवरांत शिरतं तेव्हा बारीक मासळी त्याच्याबरोबर आत जाते. ओहोटी लागली की ते पाणी वहाळांतून परत खाडीत उतरतं, आणि बोयची पिल्लं, कोळंबी, सगळं त्या धारेबरोबर बाहेर येतं. जिताडा धारेच्या कडेला, पाणी जिथं वळसा घेतं तिथं उभा असतो. तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो. त्याचा 'थप्प' असा आवाज होतो. एकदा ओळखलास की दुरूनही चुकणार नाही. त्यामुळे ओहोटीचे शेवटचे दोन तास महत्त्वाचे. त्यातही उजेड कमी असेल, दिवेलागण किंवा पहाट, तर फार चांगलं.

असे दिवस कुठले? आपल्याकडची जुनी रीत तुला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण. म्हणजे प्रतिपदेला पाणी पावणेसातला तळाला जातं, द्वितीयेला साडेसातला, चतुर्थीला नऊला. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, म्हणून हेच गणित सकाळीही लागू. ओहोटीचे शेवटचे दोन तास कमी उजेडात येतात ते प्रतिपदा ते चतुर्थी, शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत. यात गावोगाव अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं. खाडीत जितका आत जाशील तितकं पाणी उशिरा पोचतं. दाभोळला ओहोटी लागली तरी गोवळकोटला पाणी चढतंच असतं. त्यामुळे वरच्या टप्प्यात तुझे दिवस एखादी तिथी अलीकडे सरकतील. पहिल्या दोन खेपांना घड्याळ लावून बघ, म्हणजे तुझ्या जागेचा फरक कायमचा कळेल.

पक्षात असे दिवस चार. पंधरवड्यात तुझ्या सुट्ट्याही चार. दोन्ही जुळतात ते सरासरी पक्षाला एक दिवस. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सोळा-सतरा पक्ष, म्हणजे जिताड्याचे सोळा-सतरा दिवस. लग्नं, शिमगा, आजारपण, वाऱ्याचे दिवस वजा कर. बारा उरतील. सकाळ-संध्याकाळ धरून चोवीस खेपा. तुझा अख्खा हंगाम एवढाच आहे. सुट्टीचे उरलेले पन्नासच्या वर दिवस जिताड्याचे नाहीतच; त्या दिवशी त्याच्यासाठी उभं राहण्यात निष्ठा नाही, नुसता वेळ जातो. भांगाच्या पाण्याला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरती-ओहोटीला, खाडी जेमतेम हलते. तेव्हा खुशाल गुहागरच्या वाळूवर कोळंबीच्या तुकड्यावर मुडदुशा गरव आणि घरी घेऊन जा. बायकोला हा हिशेब कागदावर मांडून दाखव. आठ महिने रिकामी पिशवी असं काही होणार नाही.

उलट बाजूनेही तेवढाच कडक राहा. त्या बारा दिवशी दुसरा मासा नाही. शेजारचा माणूस तांबोशीवर तांबोशी काढत असला तरी तुझी गरी वहाळाच्या तोंडाशीच राहिली पाहिजे. जोडीदाराचं खरं आहे ते इथं. हात सारखा बदलत राहिला की काय चुकलं तेच कळत नाही.

एक मासा ठरवलास तशी एक जागाही ठरव. गोवळकोट ते दाभोळ हा पट्टा एका माणसाला फार मोठा आहे. दोन किलोमीटरचा काठ निवड, ज्यावर दोन-तीन वहाळ उतरतात आणि थोडं खडप आहे. पौर्णिमा किंवा अमावस्येला, उधाणाच्या भर ओहोटीला, रॉड न घेता तिथं चालत जा. त्या वेळी खाडी आपला तळ दाखवते. कुठं खड्डा आहे, कुठं जुने खांब बुडालेत, वहाळाची धार तळावर कुठल्या बाजूला वळते, सगळं दिसतं. फोटो काढून ठेव. मी तर एकदा दिवसभर असा नुसता चाललो आणि त्या एका दिवसात वर्षभराच्या गरवण्यापेक्षा जास्त शिकलो, हे आजही मनापासून वाटतं.

वाशिष्ठीची एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. बाकीच्या खाड्यांत पावसाळा संपला की वरून येणारं गोडं पाणी आटत जातं आणि खारं पाणी वर वर चढतं. वाशिष्ठीत तसं होत नाही. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी घाटाखाली याच नदीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी वाहत असतं, आणि वीजनिर्मिती कमीजास्त होईल तसा वरच्या टप्प्यात पाण्याचा जोर बदलतो. म्हणून जयगडच्या खाडीत गरवणारा कुणी 'मार्चमध्ये अमुक ठिकाणी वर सरक' सांगेल, तर ते इथं जसंच्या तसं लागू करू नको. तुझ्या खाडीत बोय आणि कोळंबी कुठवर आहे ते बघ. ती असेल तिथंच जिताडा असणार. हे बघायला लागलास की आपोआप कळेल, एका माशाच्या मागे लागलेल्या माणसाला बोयीचं लहानपण, कोळंबीचं पाणी, तिवरांची वाढ, सगळंच बघावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत गार पाण्याने जिताडा मंदावेल. तेव्हा धीर सोडू नको. फेब्रुवारीनंतर पाणी तापलं की तो परत हलतो.

वही ठेव. तिथी, पाणी प्रत्यक्षात किती वाजता फिरलं, रंग कसा होता, वारा कुठला, बोय दिसली का, 'थप्प' ऐकू आलं का. काही लागलं नाही त्या दिवशीचं पान जास्त नीट लिही.

सामानाचं पटकन सांगतो. नवीन रॉड-रील घेऊ नको. तू चार वर्षं वापरतोयस तो रॉड पंचवीस-तीस ग्रॅम वजन फेकत असेल तर पुरे. पैसे घालायचे तर शेवटच्या दोन हात तंगुसात (नायलॉनच्या दोरीत) घाल, पन्नास पौंडांचा ताण सोसणारं घे. जिताड्याला मोठे दात नाहीत, पण ओठ कानशीसारखे खरखरीत, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार. बारीक तंगूस तिथंच तुटतं, आणि काढताना तिथं बोट घातलंस तर बोटही कापतं. जिवंत कोळंबी किंवा बोयचं पिल्लू लावणार असशील तर सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल हूक) वापर आणि ओढ लागल्यावर झटका देऊ नको. नुसतं रील फिरव. हूक तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. सोडायच्या माशासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

आणि सोडायचे मासे असणारच. तुझ्या जूनच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण साठ सेंटिमीटरच्या आसपास तो नर म्हणून वयात येतो, आणि ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्यांत माद्या वाढत जातात. खूप मोठा जिताडा ही जवळजवळ नेहमीच मादी असते. ती एका वेळी लाखांनी अंडी घालते. अंडी घालायला तिला समुद्राचं खारं पाणी लागतं, म्हणून पावसाच्या सुरुवातीच्या काळात मोठे मासे खाडी उतरून मुखाकडे येतात. पहिल्या पुराला जिताडा 'हमखास' लागतो असं लोक म्हणतात, त्यामागे हे आहे. तो खाली उतरत असतो, एका जागी गोळा होतो आणि गरवणाऱ्याला सापडतो. अशा वेळी सापडलेली एक मोठी मादी कापली, तर पुढच्या कितीतरी हंगामांची पिल्लं आपण खाऊन टाकतो.

कायद्याचं म्हणशील, तर १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे. काठावर गरी घेऊन उभ्या माणसाला ती अडवत नाही. म्हणूनच हे आपलं आपण पाळायचं. ज्यांची चूल मासळीवर चालते ती माणसं दोन महिने होड्या शाकारून घरी बसतात. आपल्याला महिन्याचा पगार आहे आणि गरवणं ही हौस आहे. आपण त्याच दोन महिन्यांत खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला आलेल्या माद्यांवर टपून बसावं, हे मला अजिबात पटत नाही. नारळी पौर्णिमा होऊ दे, गणपती होऊ देत, पाणी निवळू दे.

ऑस्ट्रेलियात याच माशावर लोक जीव टाकतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात समुद्रातला किंवा खाडीतला जिताडा ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ठेवता येत नाही, आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही नाही. पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या विणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते जानेवारी, तो धरायलाच बंदी असते. आपल्या राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. लहान मासा वाचवण्याचा विचार त्यामुळे रुजतोय याचा मला आनंद आहे. पण जिताड्याच्या बाबतीत लहानाबरोबर मोठाही वाचवावा लागतो. माझा स्वतःचा नियम आहे: साठच्या आत परत, ऐंशीच्या वर परत, मधल्यातले हंगामात दोन घरी. तूही हंगाम सुरू होण्याआधी आकडा ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. हातात बारा किलोचा मासा आला की त्या क्षणी नियम सुचत नाहीत. सोडायचा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नको, वजनाने त्याचा कणा दुखावतो. ओल्या हातांनी, एक हात पोटाखाली घेऊन आडवा धर. फोटो काढायचा तर आधी मोबाइल तयार ठेव.

दाभोळ खाडीच्या काठाला भोई समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. तुझा दोन किलोमीटरचा काठ त्यांच्या जाळ्यांचाही आहे. पहिल्या दिवशी जाऊन बोल. जाळं कुठं लागतं ते विचार आणि तिथं गरी टाकू नको. जिवंत कोळंबी त्यांच्याकडूनच विकत घे, स्वतः पाग (फेकायचं जाळं) मारत बसू नको. आणि त्यांनी आपणहून एखादी जागा दाखवली, तर ती चारचौघांत सांगत फिरू नको.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. वाशिष्ठीत मगरी आहेत, हे तुला चिपळूणकराला सांगायला नको. पण तू ज्या वेळी आणि ज्या जागी उभा राहणार आहेस, दिवेलागणीला, वहाळाच्या तोंडाशी, चिखलाच्या उतारावर, ती मगरीचीही जागा आहे. गुडघाभर पाण्यात उतरून गरवायचं नाही. कडेपासून चार पावलं मागे, उंचावर उभा राहा. मासा सोडायला खाली वाकताना जोडीदाराला बॅटरी घेऊन पाण्याकडे बघत उभा कर. एकटा जाऊच नको. जोडीदाराला यायला जमणार नसेल तर तो दिवस सोडून दे. चोवीस खेपांच्या तेवीस झाल्या तरी चालतील. अडकलेला हूक काढायलाही पाण्यात जायचं नाही, तंगूस कापून टाक.

सुरुवात कोजागरीनंतर कर. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून चतुर्थीपर्यंत शनिवार-रविवार येतोय का ते कॅलेंडरवर पाहा. नसेल येत तर दिवाळीची वाट बघ. पाडवा म्हणजे प्रतिपदा आणि भाऊबीज म्हणजे द्वितीया. जिताड्याच्या चार तिथींपैकी दोन तुला सुट्टीसकट मिळतात. भाऊबीजेच्या संध्याकाळी बहिणीकडे जायचं असेल, ते चुकवू नको. पहाटे साडेपाच ते साडेसात पाणी उतरत असेल, आठला आंघोळीला घरी पोचशील.